वाटणीत आलेली ओल

१२ मार्च

जास्वंदही गेली!

सकाळी उपटून पाहिली. मुळं काळी, बुळबुळीत. बोटांत धरली तर साल सुटून हातात आली. नर्सरीवाला म्हणाला होता, "बाई, ही काही मरायची नाही." कण्हेरीच्या वेळी हेच म्हणाला होता. मोगऱ्याच्या वेळीही. त्याच्याकडून आणलेलं एकेक रोप मी त्या कोपऱ्यात पुरत आलेय — लावलं म्हणायची सोय नाही, पुरलं असंच म्हणावं लागेल.

कोपरा म्हणजे मागच्या अंगणातला, भिंतीलगतचा. घर एकच होतं तेव्हा तिथे कोणाचं लक्षही जात नव्हतं. मग यांची आणि थोरल्या भावाची वाटणी झाली. अंगणाच्या मधोमध भिंत आली, डोक्याच्या वर जाणारी, चांगली जाडजूड. ऊन सगळं पलीकडे राहिलं. उतार आमच्या बाजूला, त्यामुळे जमिनीतलं पाणी झिरपत अलीकडे आलं. त्यांच्या वाट्याला अंगण आलं, आमच्या वाट्याला ओल.

भिंत पुरी झाली त्या दिवशी थोरल्या जाऊबाई मजुरांसमोर म्हणाल्या होत्या, "धाकटीच्या बाजूला आता बेडकंच पिकतील." मजूर फिदीफिदी हसले. ते हसणं अजून माझ्या कानात आहे.

त्यानंतर दोघींत बोलणं असं नाहीच. भाऊजी वारले तेव्हा गेले, बसले, उठून आले. भांडणही नाही म्हणा. भांडायला तरी समोरासमोर यावं लागतं.

१४ मार्च

मुलाने जेवताना विषय काढला. पुढच्या वर्षी गाडी घेतोय. समोरची गल्ली अरुंद, तिथे लावता येत नाही. मागच्या बोळातून आत घ्यायची आणि कोपऱ्यात सिमेंटची फरशी घालून तिथे उभी करायची.

"नाहीतरी तिथे काही उगवत नाही, आई."

बोलणं चुकीचं नव्हतं, म्हणूनच जास्त झोंबलं. मी म्हटलं, वर्षभर दे मला. त्याने भाकरीचा तुकडा मोडत जरा विचार केला आणि म्हणाला, बरं, गाडी येईपर्यंत फुलं आली तर कोपरा तुझा. नाही आली तर गवंडी बोलावणार, मग मध्ये पडायचं नाही.

मान्य केलं. हे ताटाकडे बघत गालात हसत होते. हसू देत.

१५ मार्च

लिहून ठेवते, म्हणजे उद्या हातपाय गाळले तर वाचता येईल: सगळी नोकरी मी इस्पितळाच्या धुलाईघरात केली. शेवटी मुकादम झाले. ओल्याचं कोरडं करणं हेच आयुष्यभराचं काम. माझ्या हाताखालून दमट चादर वॉर्डात गेली असं कधी झालं नाही. चादर वाळली की नाही ते तळहाताला कळत नाही. तळहात ऊबदार असतो, खोटं सांगतो. गालाला लावायची, गाल खरं सांगतो.

आणि माझ्याच अंगणातला एक कोपरा मला वाळवता येत नाही! राख घालून झाली, वाळू घालून झाली, विटांचा चुरा, चुना. दोन दिवस बरं दिसतं, की परत आपलं चिकचिक.

आज मूठभर माती गालाला लावून पाहिली. ओलीच. स्वयंपाकघराच्या खिडकीतून यांनी पाहिलं. "आता इस्त्रीही करणार का तिला?"

२ एप्रिल

आज डोक्यात लख्ख उजेड पडला.

धुलाईघरातल्या एका जुन्या बाईचा निरोपसमारंभ होता, म्हणून गेले होते. चहा झाल्यावर सवयीने मागच्या दाराने बाहेर पडले. तिथे यंत्रांचं खळखळवलेलं पाणी पडतं, त्या चरापाशी निर्गुडी आहे. आम्ही कामाला होतो तेव्हापासूनची. कोणी लावली नाही, कोणी निगा राखली नाही. उलट पाणी फेकून द्यायची जागाच ती! आम्ही तिच्यावर ओल्या टोप्या टांगायचो. मनगटं दुखायला लागली की तिचा पाला गरम करून बांधायचो. आणि ती पाय पाण्यात सोडून मजेत उभी. निळसर तुरे आलेले, मधमाश्यांची नुसती झुंबड.

इतकी वर्षं रोज पाहिली आणि आज दिसली.

मी उलट्या बाजूने धरून बसले होते. आधी ओल घालवायची आणि मग झाड लावायचं — कोणी सांगितलंय? ओल राहू दे. ओल आवडणारा पाहुणा आणायचा. आणि पाहुणा तरी कसला, इथल्याच मातीतली ती. तिला इथे कसं राहायचं ते शिकवावं लागत नाही.

नव्या मुकादमीणबाईने स्वतःच्या कात्रीने फांद्या कापून दिल्या. "एवढ्याच कशाला, अजून न्या. रानचं झाड आहे, मागे हटत नाही."

४ एप्रिल

मेल्या. सगळ्या.

कोणाला सांगायची सोय नाही, इथेच लिहिते. बाहेरून आलेली कुठलीही वस्तू आधी औषधाच्या पाण्यात बुडवायची, मगच आत घ्यायची — धुलाईघराचा पहिला नियम. हात आपोआप चालले. बादली घेतली, ब्लीचिंग पावडर टाकली, ढवळली, फांद्या बुडवल्या आणि समाधानाने झोपले! सकाळी पाहिलं तर पानं पिवळीफटक, साल उकडल्यासारखी.

यांनी बादलीत डोकावून पाहिलं.  मग म्हणाले, "निदान जंतू तरी राहिले नाहीत."

नंतर आतल्या खोलीत गेले आणि एकटेच हसत बसले. मला ऐकू येत होतं. शेवटी मलाही हसू आलं.

६ एप्रिल

परत गेले. पहिल्या फांद्यांचं काय झालं, असं मुकादमीणबाईने विचारलं. ज्या खात्याची मी मुकादम होते तिथे उभी राहून मी ब्लीच केल्या म्हणून सांगणार? म्हटलं, जाऊबाईंना दिल्या, त्यांना फार हव्या होत्या.

तोंडातून हेच नाव का निघालं कोण जाणे.

७ एप्रिल

या वेळी बादलीला हात लावला नाही. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या तेवढ्या निवडल्या, खालची पानं काढली, वाळू मिसळलेल्या मातीत कुंड्यांमध्ये खोचल्या. ओसरीत ओळीने ठेवल्या, सावलीत. हे त्यांना 'वॉर्ड' म्हणायला लागलेत. येता-जाता विचारतात, "पेशंट कसे आहेत, मुकादम?"

२९ एप्रिल

दुसऱ्या कुंडीत हिरवा ठिपका! चष्मा पुसून परत पाहिला. ठिपकाच.

८ मे

सगळ्या कुंड्या फुटल्या. एकही दगावली नाही. कोवळी पानं हाताच्या पंज्यासारखी, पाच-पाच बोटांची, पाठीमागून पांढुरकी. चुरगळली तर नाकात झिणझिण्या आणणारा वास. तो वास आला आणि मी क्षणभर पुन्हा धुलाईघरात, मनगटाला पाला बांधून उभी.

२० जून

आज दोन रोपं कोपऱ्यात लावली.

खड्ड्यात लावली नाहीत. इथेच तर आधीची सगळी गेली. मातीचा उंचवटा केला, टोपली पालथी घातल्यासारखा, आणि त्याच्या माथ्यावर लावली. खोडाची मान कोरडी राहील, मुळं आपली वाट काढत ओलीपर्यंत जातील. हे मला कोणी शिकवलं नाही. धुलाईघराच्या चरापाशी पुन्हा गेले, उकिडवी बसले आणि ते झाड कसं उभं आहे ते नीट पाहून आले. तेही काठावरच होतं, पाण्यात नव्हतं.

परतताना नर्सरीवाल्याच्या दुकानावरून आले. काय लावताय विचारलं त्याने. निर्गुडी म्हटल्यावर नाक मुरडलं. ती काय लावायची गोष्ट आहे का, म्हणे, रानात फुकट उगवते. मी म्हटलं, तेच तर! तुमची विकतची मरते आणि रानातली फुकट जगते. पुढे गिऱ्हाईक होतं, तेही ऐकत होतं. बरं वाटलं.

३ जुलै

दोन्ही रोपं तग धरून. सकाळ-संध्याकाळ डोळ्यांत तेल घालून बघते.

१८ ऑगस्ट

माझ्या कमरेला लागली! पाणी घालायचं नाही, खत घालायचं नाही, लाड करायचे नाहीत. तिचं तिला कळतं. हे म्हणाले, घरात आणखी एक हट्टी बाई आली.

२ सप्टेंबर

आज उंचवट्याखाली बेडूक दिसला. एकच. लहानसाच.

यांना सांगितलं नाही.

१७ ऑक्टोबर

आज कोपऱ्यात चप्पल रुतली नाही. मुद्दाम चार वेळा चालून पाहिलं. माती ओली आहेच, पण धरून आहे. मुळांनी तिला पकडलंय. कुबट वासही गेला. यांनी घड्याळदुरुस्तीचं टेबल आज खिडकीपाशी ओढून घेतलं, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. डोळ्याला भिंग लावून काम करतात आणि मध्येच भिंग काढून बाहेर बघतात. झाडाकडे बघतात की भिंतीकडे, ते मी विचारत नाही. भिंतीपलीकडे भावाची आरामखुर्ची असायची. ती खुर्ची करकरली की यांना कळायचं, दादा बसला.

मला माझा अभिमान वाटतो. कोणी म्हणणार नाही, म्हणून मीच म्हणते.

५ जानेवारी

नवी वही. झाड थबकलंय. थोडी पानं गळली. थंडी आहे, थांबेल थोडी. मुलाने गाडी नोंदवली.

११ फेब्रुवारी

आज छाटली. धुलाईघरातून निवृत्तीला दिलेली मोठी कात्री काढली आणि दोन्ही झाडं गुडघ्याएवढी ठेवून बाकी सगळी सपासप कापली. हे धावत आले. "अगं, वेड लागलं का? एवढी वाढवली आणि..." त्यांना समजावलं, हिला फुलं येतात ती नव्या फुटव्याला. जुन्या लाकडाचा मोह धरून बसलं तर नुसता पाला. त्यांचा विश्वास बसला नाही. 

खरं सांगायचं तर माझाही जीव टांगणीला आहे. पण कात्री चालवली ती पूर्ण हिमतीने चालवली.

९ मार्च

फुटली! खोडाच्या प्रत्येक गाठीतून!! यांना हात धरून नेलं आणि दाखवलं. टोपी काढल्यासारखं केलं त्यांनी — डोक्यावर टोपी नव्हती, पण केलं.

२१ मे

भिंतीच्या वर गेली. मी आता मान वर करून बघते तिच्याकडे. इतकी दाट की मागची भिंत दिसत नाही.

फुलं नाहीत.

१२ जून

फुलं नाहीत. फांदी न् फांदी तपासली. पानं, पानं, पानं. मात्र मधमाश्या दिवसभर ये-जा करतात. कुठे जातात मेल्या? माझ्या डोक्यावरून जातात आणि भिंतीपलीकडे उतरतात. पलीकडे जाऊबाईंचे गुलाब आहेत, विकतचे, मोठ्ठाले. त्यांच्यासाठीच जात असणार. माझ्या झाडाला ओलांडून!

३० जून

गाडी आली. पांढरी. नाक्यावरच्या दुकानासमोर उभी आहे, दुकानदार रोज कुरकुरतो. मुलगा मला काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

६ जुलै

गवंडी माप घ्यायला आला. भारी बडबड्या माणूस, हातापेक्षा तोंड जास्त चालतं. फीत धरली, आखणी केली, मग उलटी घमेली एकावर एक ठेवून भिंतीवर चढला, वरची बाजू सरळ आहे का बघायला. आणि वरूनच म्हणाला,

"बाई, फुलं तर सगळी पलीकडे आहेत की!"

मला आधी कळेचना. म्हटलं, गुलाब असतील. "गुलाब नाही हो. तुमच्याच झाडाची. निळी. पार खालपर्यंत लोंबतायत, भिंत झाकून गेलीय पलीकडून."

 उंचवट्याच्या कडेला बसले.

उन्हाकडे गेली ती. जाणारच. अलीकडे ओल होती, मुळं इथे धरली. पलीकडे ऊन होतं, फुलं तिथे उघडली. तिची काय चूक? पण माझी तरी काय चूक?

संध्याकाळी हे स्टुलावर चढले. गच्ची असती तर दोघांनी पाहिलं असतं, पण घर कौलारू, आणि माझे पाय स्टुलावर ठरत नाहीत. बराच वेळ हे वर उभे होते. नुसते बघत. "दिसतंय का?" मी खालून विचारलं. "दिसतंय," म्हणाले. आवाज जरा वेगळा लागला. मग हात लांब करून एक तुरा तोडून आणला. तोडला म्हणून मी रागावले, आणि मग तासभर त्यांचं भिंग डोळ्याला लावून बसले. इवलीशी फुलं. पाकळ्या पाच, त्यातली एक मोठी, जीभ दाखवल्यासारखी बाहेर.

मला जीभ दाखवते! पण आली. माझ्या कोपऱ्यात, माझ्या हातची, फुलली. आज नोकरीतल्या कुठल्याच दिवशी वाटला नव्हता एवढा अभिमान वाटला.

७ जुलै

तुरा औषधाच्या बाटलीत घालून मुलाच्या ताटापाशी ठेवला. त्याने कौतुक केलं, अगदी मनापासून. मग म्हणाला, "पण आई, अंगणात काय आहे? पानंच ना?"

मी म्हटलं, फुलं आली तर कोपरा माझा असं ठरलं होतं. कुठल्या बाजूला आली पाहिजेत, असं ठरलं नव्हतं. मूळ माझ्या मातीत आहे.

"आई, जी बघायलाच मिळत नाहीत ती फुलं कसली?"

 तो जिंकायला बोलला नव्हता, त्याला खरंच तसं वाटलं. आणि खरंच आहे. माझ्या झाडाची फुलं यांनी पाहिली, गवंड्याने पाहिली, जाऊबाई तर रोज उठून पाहतात. मी नाही.

हे म्हणाले, वहिनींकडे जाऊन बघून ये, हाय काय नि नाय काय. मी म्हटलं, बोलावल्याशिवाय नाही जाणार. माझ्या फुलांसाठी मी त्यांच्या दारात उभी राहू?

पुढच्या गुरुवारी गवंडी येणार. झाड मुळासकट काढावं लागेल म्हणाला.

९ जुलै

यांनी पुन्हा स्टुलावरून पाहिलं. पलीकडच्या खालच्या फांद्यांचा पाला ओरबाडलाय म्हणे. तुरे शाबूत आहेत, पानं नाहीत. झालं! अंगण मिळालं, ऊन मिळालं, फुलं फुकट मिळाली, आता पानंही. त्यांना माझं झाड बघवत नाही. थोडं थोडं करून बोडकं करणार.

१३ जुलै

धुलाईघरात नवी बाई रडायला लागली की मी तिला म्हणायचे, चादर पिळताना रडावं, पाण्यात पाणी जातं. आज कोपऱ्यात बसून पाला झाडत होते. तेवढ्यापुरतं रडून घेतलं. उठताना झाडाच्या खोडाला गाल लावला. खरं कळतं म्हणून.

फांद्या कापून कुंड्यांत लावायला हव्यात. हात चालत नाही.

१६ जुलै — गुरुवार

गवंडी आला नाही!

दुपारी निरोप — शेजारीच एक भिंतीचं काम निघालंय, ते आधी उरकतो, मग तुमच्याकडे. शेजारी म्हणजे कुठे ते मुलाने विचारलं तर म्हणाला, तुमच्या काकूंकडेच.

भिंतीचं काम! म्हणजे भिंत उंच करणार. माझ्या फांद्या त्यांच्याकडे उतरू नयेत म्हणून वर आणखी विटा चढवणार. मग ऊनही तुटेल, फुलंही जातील. एका दगडात सगळंच. आणि तोच गवंडी! त्याच्या बडबडीतून त्यांना सगळं कळलं असणार — गाडी, फरशी, फुलं, सगळं.

हे म्हणतात, वहिनी तसं करणार नाहीत. तुम्हाला काय माहीत, म्हटलं. 

१७ जुलै

ठरलं. उद्या काम सुरू झालं की मी जाणार. समोरच्या दाराने जाणार, बोलावलं नाही तरी जाणार, मान खाली घालून नाही. काय बोलायचं ते दिवसभर मनात घोटून ठेवलंय: ओल तुम्ही दिलीत, ती मी घेतली. बेडकं पिकतील म्हणालात, मी फुलं पिकवली. ती तुमच्या बाजूला गेली, तरी मी भिंतीवर विटा चढवल्या नाहीत. तुम्ही चढवू नका. एवढंच. आवाज चढवायचा नाही.

यांना ऐकवलं. म्हणाले, चांगलं आहे. मग म्हणाले, "मी पण येतो."

१८ जुलै

सकाळी ठोकाठोकी सुरू झाली. पदर खोचून निघाले, पण आवाज वरून येत नव्हता, खालून येत होता. मागे जाऊन पाहिलं तर आमच्या बाजूचा गिलावा पडलेला. झाडापासून चांगला लांब. एक वीट हलली आणि पलीकडे ओढली गेली. मग दुसरी. मग जाऊबाईंचा चेहरा. केस पांढरे झालेत सगळे.

"भिंतीत दार पाडतेय," म्हणाल्या. "आधी विचारणार होते, पण विचारू कुठून, मध्ये भिंत! मुळांना धक्का नको म्हणून लांब धरलंय. मुलाला सांग, गाडी माझ्याकडे लावायची, केवढी जागा ओस पडलीय. आणि तू ये आधी, तुझी फुलं बघ."

आणखी विटा निघाल्या. गुडघ्याला निर्गुडीचा पाला बांधून उभ्या होत्या. घोटलेलं माझं सगळं बोलणं तसंच राहिलं. यांनी खाली पडलेली वीट उचलून बाजूला ठेवली, मग दुसरी उचलली.

जाऊबाईंनी भोकातून मान घालून कोपरा नीट पाहिला. "आणि बेडकं कुठेत गं?"

"एक आहे," मी म्हटलं.

भिंतीतून ऊन आत आलं होतं, थेट उंचवट्यापर्यंत. पुढच्या वर्षी फुलं कुठल्या बाजूला येतील, ते आता सांगता येत नाही.